मामाजीच्या बंदुकीचा नंबर

बंदूक कापसामागं होती. मामाजी, म्हंजे माहे सासरे, पावसाळ्यात वारले अन् त्याच्यानंतर तिले कोनी हात लावला नाही, समोरच्या खोलीत खुटीवर ते तशीच लटकून राह्यली. मंग दिवाळीनंतर कापूस घरात आला तं आमी तो तिच्यासमोरच रचत गेलो. आमचे हे म्हनत होते भाव चढू दे मंग इकू, अन् गंजी आड्याले टेकली तशी बंदूक दिसनंच बंद झाली. मले तं बरं वाटलं. मले तिचं लय भेव वाटे. लग्न होऊन आली तवापासून मी त्या भिंतीकडून झाडू मारला नाही. आत्याबाई, म्हंजे सासूबाई, इचारत, तो कोपरा काहून सुटला वं, तं मी म्हनो मामाजी झाडतीन, अन् मामाजी खरंच झाडत, काही बोलत नसत.

चोरीची नव्हती, लायसनची होती. वावर आमचं जंगलाले लागून हाये, डुकरं अन् रोही, म्हंजे नीलगाई, येऊन तूर, सोयाबीन सारं लोळवून जातात, म्हनून मामाजीनं जवानीत पीक राखाचं लायसन काढलतं. आवाज काढला की जनावर पळे. मारलं त्याइनं कधी काही नाही, असं आत्याबाई सांगतात.

मंग एक दिवस सकायीच पोलीस पाटील आले. ते नात्यानं आमच्या ह्याइचे काका लागतात, चहा पेल्याबिगर उठत नाहीत, पन त्या दिवशी बसलेच नाहीत. म्हने इलेक्शन लागलं, साऱ्या बंदुका ठाण्यात जमा करा लागतात, तुमाले मालूम हाये, पन तुमचं दुसरंच हाये. ज्याच्या नावानं लायसन तो मानूस गेला. म्हंजे ते बंदूक आता कोनाचीच नाही. अन् जे बंदूक कोनाचीच नाही ते ज्याच्या घरात सापडली त्याच्यावर केस. सोमवारपर्यंत नेऊन द्या, कागद घेऊन जा, नंबर बराबर पाहून घ्या, नवा जमादार आलेला हाये, कडक हाये.

ते निंगून गेले. पोरगी कडेवर होती, दीड वर्साची, ते माहं मंगळसूत्र चावून राह्यलती अन् मले तेही समजत नव्हतं. केस म्हंजे काय, ह्याइले नेतात काय, किती दिवस, मंग मी अन् हे पोरगी अन् आत्याबाई, तिघी बाया, अन् ते वावर. मी हेच मोजत बसली.

ह्याइनं कापूस बाजूले सारला. गंजीत उतरून हातानं ओढ ओढ ओढला तवा खुटी दिसली. बंदूक बाहीर आली तं तिच्या तेलाले जागोजागी कापूस चिकटलेला, म्हातारीले पांढरे केस असावे तशी दिसत होती. मी पोरीले घेऊन अंगनात पळाली. ह्याइनं तो मागंपुढं सरकनारा दांडा ओढून आत पाह्यलं, बोट घालून पाह्यलं, खाली हाये म्हने, ये आत. तरी मी दाराच्या बाहीरूनच पाहत होती.

लायसनचं पुस्तक राशनकार्डासंगं पन्नीत होतं. त्यात लिवलेलं होतं, एकनळी, बोअर ४१०, नंबर ३१४२. हे बंदूक उलटीपालटी करून पाहत राह्यले. सारं काळंकुट्ट. नळीच्या बुडाशी कुठी तरी एक 410 दिसला, तो जमला. पन तीन हजार एकशे बेचाळीस काही दिसेना. दुपार झाली तरी दिसेना. हे जेवले नाहीत. म्हने बाबानं कोनासंगं बदलली असन, नाही तं दुरुस्तीले देल्ली तं त्या दुकानवाल्यानं दुसरीच हातात देल्ली असन. नंबर नाही जमला म्हंजे लायसनची बंदूक आपन इकली अन् हे बिनालायसनची ठेवली, असंच होते त्याचं. डबल केस.

मंग म्हने, इहिरीत टाकतो. चोरी गेली सांगतो.

मी म्हनलं, चोरी गेली म्हनसान तं पोलीस पयले घरीच येतीन पाहाले. आत्याबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्याइनं मान वरतं न करताच म्हनलं की ज्या इहिरीचं पानी पेतो तिच्यात कोनी बंदूक टाकत नसते. एवढं बोलून त्या परत शेंगा सोलाले लागल्या.

अन् तवा माह्या तोंडून निंगालं, उद्यापर्यंत राहू द्या, मी पाह्यतो नंबर. मी कशी बोलली मले अजून समजत नाही. ज्या भिंतीले मी झाडू लावत नव्हती तथली बंदूक मी म्हनतो पाह्यतो. पन माही शिलाई मशीन हाये, ब्लाऊज शिवतो मी, अन् त्या मशीनवर पन कंपनीचा नंबर असतो बुडाशी, तो असाच तेलाच्या मळीत गडप झाला होता. म्या एक डाव मशीनचं तेल लावून चिंधीनं घासला तं लख्ख वर आलता. म्हनून वाटलं की लोखंड ते लोखंड. त्याच्यावर जे ठोकलेलं असते ते जात नसते, भरून जाते फक्त.

दुसऱ्या दिवशी हे वावरात गेले, पोरगी झोळीत झोपली. म्या खाटीवर गोधडी हातरली, तिच्यावर बंदूक ठेवली, नळीचं तोंड भिंतीकडं केलं. खाली हाये हे मालूम असून बी केलं. अन् तेल घेतलं, जुन्या बनियानची चिंधी घेतली अन् मार्किंगचा पांढरा खडू घेतला.

पयले हात लावतानी असं वाटलं की गरम असन. थंडगार होती. अन् लय वजन. सुईच्या नाकात दोरा ओवावा तशी मी ते पाहत होती, इतकी जोळून. जथी लाकूड संपते अन् लोखंडाची मान सुरू होते तथी जरासं खडबडीत लागलं बोटाले. म्या तेल टाकलं, घासलं, कोरडं केलं, मंग त्याच्यावर खडू रगडला अन् अंगठ्यानं वरचा वर पुसून टाकला. खाच्यात खडू बसून राह्यला अन् कोऱ्या लोखंडावरून निंगून गेला. मंग त्याच्यातून चित्र वर आलं.

पयले एक बोंड दिसलं. खरंच, फुटलेलं बोंड, चार पाकळ्या वर अन् मधात फुगलेलं. मले वाटलं कपाशीचंच हाये, कापसात राहून राहून उमटलं काय. त्याच्याखाली इंग्रजीचे तीन अक्षर, जी, आर, आय. मले इंग्रजी सुटं सुटं येते, जुळवता येत नाही, आठवीत शाळा सुटली. त्याच्याखाली एक लांब नाव होतं, आय, एस, एच, ए... म्या मोठ्यानं म्हनत गेली, ईश, ईशा... आत्याबाई दारात येऊन उभ्या होत्या, म्हनल्या ईश्वर असन. म्या म्हनलं बंदुकीवर कायले ईश्वर लिवतीन. तं म्हने मंग कुठी लिवतीन, मारनाऱ्याले तिथंच पायजे तो.

मले हासू आलं अन् भेव जरासं कमी झालं. मंग मी थांबलीच नाही. नावाच्या खाली सन होता, 19 अन् पुढं 4, शेवटचा आकडा गंजानं खाल्ला. त्याच्याखाली अक्षर अन् शेवटी एक चांदनी, पाच टोकाची, रांगोळीत काढतो तशी. नळीवर एक बानाचं टोक होतं. लाकडाच्या दस्त्यात पैशाएवढी पितळी चकती बसवलेली, मधात स्क्रू, ते घासून घासून सोन्यासारकी केली पन तिच्यावर काहीच नव्हतं, कोरी. मले नवल वाटलं. साऱ्या अंगावर लिवून ठेवलं अन् जथी लिवासाठी जागा केली तथीच काही नाही. अन् घोड्याच्या समोर जो डब्बा लटकते त्याच्यात टिकली उचलाच्या चिमट्यानं टोचून पाह्यलं तं आत लोखंड नव्हतं, लाकूड ठोकून भरलेलं होतं. कायले भरलं असन? मी एकटीच इचारत होती अन् एकटीच पुढं जात होती. माह्या आयुष्यात म्या एवढं ध्यान देऊन काही वाचलं नाही.

मंग नंबर सापडला. मानेच्या उजव्या अंगाले, चार आकडे, अन् तेच चार आकडे त्या सरकनाऱ्या दांड्याच्या बुडाशी. म्या खडू भरला, पुसला, वाचला. 3982.

तीन हजार नऊशे ब्याऐंशी.

दोन ठिकानी तोच. म्हंजे चुकून नाही. लायसनवर तीन हजार एकशे बेचाळीस अन् बंदुकीवर तीन हजार नऊशे ब्याऐंशी. अन् वरतून लाकडाच्या खालून आनखी एक नंबर निंगाला, त्याच्यावर आडवी रेघ मारून खोडलेला, बाजूले दुसरा ठोकलेला. खोडलेला नंबर. आता हे पोलिसाले दिसलं म्हंजे संपलंच. मले वाटलं म्या हे घासलंच काहून, मळीत होतं तं बरं होतं.

हे आल्यावर म्या सांगतलं नाही, कागदच समोर ठेवला. कागदावर बंदुकीवरचा नंबर जसाच्या तसा उतरवला होता, इंग्रजीत, 3982, अन् त्याच्या बाजूले लायसनचं पुस्तक उघडून ठेवलं होतं. ह्याइनं पाह्यलं अन् खालीच बसले. म्हने मी म्हनलं नव्हतं काय, बदललेली हाये. आता बाबाले कुठी इचारू.

आत्याबाई वाकल्या. कागदाकडं पाह्यलं, पुस्तकाकडं पाह्यलं, परत कागदाकडं पाह्यलं.

"हे तं एकच हाये," त्या म्हनल्या.

"माय, तुले वाचता येत नाही, तू कायले मधात बोलतं."

"वाचता येत नाही. आंधळी नाही मी."

त्याइनं तुरीच्या हिरव्या डागाचं बोट पुस्तकावर ठेवलं, मंग कागदावर ठेवलं. हे पयलं, दोन पोटाचं, हे बी दोन पोटाचं. हे दुसरं, वर डोकं अन् खाली शेपूट, हे बी तसंच. हे तिसरं, गाठ मारली, हे बी गाठच, एकीचा फंदा वरून सुटला एवढंच. अन् हे शेवटचं तं डोळे मिटून सांगतो. तुमी दोघं काय भांडून राह्यले मंग.

मी पाहतच राह्यली. मले वाचनं बंद कराले लय वेळ लागला. आकडा दिसला की तो तोंडात येतेच, तीन, नऊ, आठ. पन म्या डोळे बारीक केले, जसं भरतकामाचा नमुना उतरवतानी करतो, रेघ पाहाची, फूल नाही पाहाचं, तसं पाह्यलं. अन् मले दिसलं. इंग्रजी तीन अन् मराठी तीन एकसारकेच. इंग्रजी दोन अन् मराठी दोन बी. पन इंग्रजीचा 9 अन् मराठीचा १, डोकं अन् शेपूट, तेच. इंग्रजीचा 8 हातानं काढाले गेलं अन् वरतून जुळला नाही, की मराठीचा ४. 3982 अन् ३१४२. एकच चित्र, दोन भाषेत दोन नंबर.

म्या ह्याइले समजावलं. हे आंधी म्हनले काहीही सांगतं. मंग सोताच कागदावर काढून पाह्यलं. मंग मान हालवली. अन् आत्याबाई म्हनल्या, मंग त्याच्यात काय, यायनंच तं उतरून नेलता. यायनं म्हंजे मामाजीनं. सांगत होत्या, बंदूक घेतली तवा हापिसातून सांगतलं की नंबर लिवून आन. मामाजी मराठी दुसरीपर्यंत शिकलेले, इंग्रजीचं तोंड पाह्यलं नव्हतं त्याइनं. अंगनात बसून जीभ बाहीर काढून क्यालेंडरच्या मागं त्याइनं बंदुकीवरचा नंबर काढला, आत्याबाईनं उन्हात छत्री धरली होती. तो कागद बाबूले देल्ला अन् बाबूनं मराठी समजून पुस्तकात लिवला. एवढे वर्स दर इलेक्शनले मामाजी सोता बंदूक जमा करत, ठाण्यातले त्याइले वळखत, पुस्तकावरून नंबर उतरून घेत, बंदूक कोनी पलटून पाहेच नाही.

समजलं तं समजलं. पन जमादाराले कोन सांगन? हे म्हनले मले बोलता येत नाही ठाण्यात, मी तथी गेलो की गुन्हा केल्यासारकाच दिसतो. अन् ते खरं हाये.

सोमवारी आमी सारेच निंगालो. गावातल्या ऑटोत, ह्याइनं बंदूक गोधडीत गुंडाळून मांडीवर आडवी घेतलती अन् म्या पोरगी उभी घेतलती. ऑटोवाला पोट्टा म्हने भाऊ, लेकरं अदलाबदल करा, वयनीले जड होत असन. कोनी हासलं नाही तं त्यानं ऑटो हाकला.

जमादार रिटायरच्या वयाचा होता, चष्मा दोरीनं गळ्यात. त्याच्यासमोर आमच्याआंधी दोन जनाइच्या बंदुका जमा झाल्या, नंबर पाह्यला, लिवला, पावती. आमची गोधडी सोडली. त्यानं मामाजीचा मरनाचा दाखला पाह्यला, लायसन पाह्यलं, चष्मा लावला, बंदूक उजेडाकडं धरली अन् थांबला.

"नंबर जमत नाही," तो म्हने.

म्या ह्याइच्याकडं पाह्यलं. हे आपल्या चपलीकडं पाहून राह्यलते. पोरगी रडाले लागली, म्या तिले आत्याबाईजोळ देल्ली अन् बोलाले लागली. अर्धं बोललेलं मलेच आइकू येत नव्हतं. साहेब, मामाजीले इंग्रजी येत नव्हतं जी, त्याइनं आकडा पाहून काढला, इंग्रजीचा नऊ मराठीच्या एकसारका दिसते जी, अन् आठ चारसारका.

जमादारानं पूर्न आइकून घेतलं. मंग चष्मा काढला.

"बाई, असं जर मी लिवून घेतलं तं उद्या चोरीच्या मोटरसायकलवाला येईन अन् म्हनन, साहेब, माह्या नऊचा एक झाला जी. सोडून देऊ काय त्याले?"

बाहीर बसलेले लोकं हासले. माहे कान तापले. मले वाटलं झालं, आता ह्याइले आत बसवतात. अन् त्याच भेवात मले सुचलं, सुचलं म्हन्यापेक्षा तोंडातून आलं, की साहेब, माह्या सासूबाईले पेन द्या. त्याइनं जन्मात पेन धरला नाही. त्याइले बंदूक दाखवा अन् म्हना हे काढ. मंग जे निंगन ते तुमच्याच मानसाले वाचाले सांगा.

आत्याबाईनं माह्याकडं असं पाह्यलं की घरी गेल्यावर माही खैर नाही. साऱ्या ठाण्यासमोर, मले येत नाही ते करा लावते, असं त्याइच्या डोळ्यात होतं. पन जमादाराले नवल वाटलं असन. त्यानं एका जुन्या फॉर्मची मागची कोरी बाजू वर केली अन् पेन सरकवला.

पोरगी परत माह्याकडं आली. आत्याबाई खुर्चीवर बसत नव्हत्या, बसवल्या. पेन त्याइनं मुसळ धरावं तसा मुठीत धरला. मान वाकडी करून बंदुकीकडं पाहत, मंग कागदाकडं, मंग परत बंदुकीकडं. पयला आकडा काढाले एवढा वेळ लागला की बाहीरचे लोकं बी आत येऊन उभे राह्यले. दुसऱ्याची शेपूट लांब गेली, पार कागदाच्या काठापर्यंत. तिसऱ्याले त्याइनं वरून सुरुवात केली, खाली उतरल्या, गाठ मारली, परत वरतं आल्या अन् अर्ध्यात दमल्या. फंदा जुळलाच नाही. वरतून उघडा राह्यला. मंग चौथा पटकन काढला अन् पेन असा ठेवला जसं तापलेलं भांडं ठेवतात.

जमादारानं आतून एका तरन्या शिपायाले हाक मारली. तो जेवता जेवता आला, हात पुसत. जमादारानं बंदूक गोधडीनं झाकून टाकली अन् कागद त्याच्यासमोर धरला. "हे वाच बरं."

"तीन हजार एकशे बेचाळीस," तो म्हने. "कोन्या लेकरानं लिवलं साहेब?"

मी पोरीले एवढी घट्ट धरली की ते किंचाळली.

तो कागद जमादारानं लायसनच्या पुस्तकाजोळ ठेवला, चष्मा परत लावला, गोधडी काढली अन् बंदुकीवरच्या नंबरावरून बोट फिरवलं. मंग बोट पाह्यलं. बोटाले पांढरं लागलं होतं. हा खडू कोनं भरला, म्हने. मले वाटलं सरकारी वस्तूले हात लावला, हे नवीनच निंगालं. म्या हळूच सांगतलं, म्या भरला जी, मार्किंगचा. तो म्हने, बराबर भरला. आमचे पोट्टे हे पाहत बी नाहीत.

अन् मंग तो मानूस बदललाच. त्यानं बंदूक टेबलावर आडवी ठेवली अन् एक एक दाखवत गेला, अन् बाहीरचे दोघंतिघं आमच्यासंगं वाकून पाहत राह्यले. माहं बोंड बोंड नव्हतं, राजाचा मुकुट होता. जी आर आय म्हंजे त्या वक्तच्या राजाची सही समजा, गोऱ्याइचं राज होतं तवाची. ईश्वर नव्हता, इशापूर होतं, बंगालातलं गाव, तथी ते घडली. बानाचं टोक म्हंजे सरकारी माल. अन् पयले हे अशी नव्हती, म्हने, हे सोजिराची, म्हंजे फौजेतल्या शिपायाची, बंदूक होती, त्या डब्ब्यात दहा गोळ्या बसत. मंग लढाई झाली, नव्या बंदुका आल्या, तवा हिची नळी आतून साफ गुळगुळीत केली, 410 ठोकलं, डब्ब्यात लाकूड भरलं की एका वक्ताले एकच बार निंगावा. अन् हिले पहाऱ्यावर ठेवली. जेलवर, खजिन्यावर. मस्कट म्हनत हिले. म्हने, माह्या ट्रेनिंगात अशीच होती, खांदा सोलून निंगे. मंग त्याइचं बी काम संपलं अन् त्यातल्या काही लायसनवाल्याइले भेटल्या.

म्या त्याले खोडलेला नंबर दाखवला. आता लपवाचं काय होतं. तो म्हने हे लाकूड दुसऱ्या बंदुकीचं, हिचं फुटलं असन तं तिचं काढून हिले बसवलं, जुना नंबर खोडला अन् नवा ठोकला. कारखान्यातच करत. अन् ते कोरी चकती? ते पलटनीचा नंबर लिवासाठी असते, म्हने, हिच्यावर कोनं लिवला नाही, नाही तं घासून गेला. मंग हे कोन्या पलटनीत होती, कोन्या जेलवर होती, हे कसं समजन? समजत नाही, तो म्हने, तेवढंच नाही समजत.

माह्या मनात एकच गोष्ट घोळत होती अन् ते म्या इचारलीच. की साहेब, हिनं कोनाले मारलं असन काय.

"ते कुठी ठोकलेलं नसते, बाई."

त्यानं रजिस्टर ओढलं. आमच्या ह्याइले आता बोलता येत होतं, बापाचं नाव, गाव, सारं त्याइनंच सांगतलं. नंबर लिवाची वेळ आली तं जमादार थांबला, अन् आकड्यात लिवलाच नाही. अक्षरी लिवला, बंदुकीवर तीन हजार नऊशे ब्याऐंशी, लायसनवर तीन हजार एकशे बेचाळीस, अन् खाली चार ओळी, की उतरवतानी लिपीची चूक झाली असं दिसते, लायसनच्या हापिसात दुरुस्तीसाठी पाठवावं. वारसाचा अर्ज वेगळा, त्याच्यासाठी यवतमाळले चकरा मारा लागतीन, ते सांगतलं. पन बंदूक जमा, केस नाही. ह्याइनं पावती दोनदा वाचली अन् खिशात घालाले गेले तं खिसाच सापडेना.

आमी उठलो तं आत्याबाई उठत नव्हत्या. त्या टेबलावरच्या त्या फॉर्मकडं पाहत होत्या. मंग जमादाराले म्हनल्या, तो माहा कागद द्या जी, घरी निवांत पाहतो.

जमादार म्हने, "माय, तो आता पुरावा झाला. तो फायलीत लागते."

"पन लिवला तं मी हाये."

"म्हनूनच तं लागते."

त्यानं खरंच तो रजिस्टरच्या पानाले पिन मारून लावला, खाली आत्याबाईचा अंगठा घेतला. शाईचा अंगठा पदराले पुसत त्या बाहीर आल्या. ऑटोत बसल्यावर त्या तोंड फिरवून बाहीर पाहत राह्यल्या. मले वाटलं साऱ्यासमोर पेन धराले लावला म्हनून राग आला. गावाची पाटी दिसली तवा म्हनल्या, तिसरा आकडा पुरा केला असता तं बिगडलंच असतं नाही वं. म्या म्हनलं हो. म्हने, हात दुखून आला म्हनून सोडला म्या तो.

पोरगी माह्या मांडीवर झोपली होती. ह्याइच्या मांडीवर नुसती गोधडी होती, घडी करून, तरी त्याइनं ते दोन्ही हातानं धरून ठेवलती.